अर्देशिर गोदरेज : वनस्पती-तेलाच्या साबणाचा कर्ता

आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेत तथागतांच्या, महात्मा फुल्यांच्या, राजर्षी शाहू महाराजांच्या आणि बाबासाहेबांच्या जीवनकार्यावर लेख असणारच. ते असलेच पाहिजेत. आम्ही मात्र या पानांसाठी एका निराळ्या माणसाचे चरित्र निवडले आहे. हा माणूस आपल्या समाजातला नव्हता, कोल्हापूरशी त्याचा काही संबंध नव्हता आणि समाजसुधारक म्हणून त्याचे नाव कोणी घेत नाही. तरीही आपल्या वसतिगृहात जो राहून गेला, त्याने रविवारी सकाळी हौदाच्या कडेला बसून ज्या वस्तूने शाळेचा गणवेश घासला, त्या वस्तूच्या इतिहासात या माणसाचे स्थान मोठे आहे. ती वस्तू म्हणजे साबण, आणि तो माणूस म्हणजे अर्देशिर बरजोरजी गोदरेज.

साबण म्हणजे तेलाचेच एक रूपांतर, म्हणून चरित्राकडे वळण्यापूर्वी तेलाविषयी थोडे लिहिणे भाग आहे. वनस्पतींत दोन जातींची तेले सापडतात. चंदन, गवती चहा, लवंग, निलगिरी यांची तेले सुगंधी असतात आणि उघडी ठेवली तर उडून जातात. त्यांना बाष्पनशील तेले म्हणतात. दुसरी जात शेंगदाणा, तीळ, करडई, जवस, खोबरे, एरंडी, सरकी, करंज यांच्या तेलांची. ही उडत नाहीत, म्हणून ती स्थिर तेले. दोन्हींतील भेद घरच्या घरी पाहता येतो. निलगिरीचा थेंब कागदावर टाकला तर काही वेळाने डाग नाहीसा होतो. गोडेतेलाचा थेंब टाकला तर कागद कायमचा तेलकट राहतो. बी रुजून पहिली पाने फुटेपर्यंत कोवळ्या रोपाला जी शिदोरी लागते, ती वनस्पतीने या तेलाच्या रूपाने बियांत साठवलेली असते. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते, सरकीत फार तर पाचवा हिस्सा. माणसाने ती शिदोरी घाण्यात घालून काढून घेतली, आणि उरलेली पेंड जनावरांपुढे टाकली.

कोल्हापूरच्या माणसाला या तेलांची महती सांगायला नकोच. भुईमुगाचे गोडेतेल फोडणीला, खोबरेल केसांना, एरंडेल पोटाला आणि गाडीच्या आसालाही, करंजेल दिव्याला आणि जनावरांच्या खरजेला, कोकमाचे मुठेल भेगाळलेल्या टाचांना, जवसाचे तेल रंगाला आणि लाकडाला. तालमीच्या हौद्यातील तांबड्या मातीत हळद, ताक आणि लिंबाबरोबर तेलही जिरवतात, हे गंगावेशीच्या बाजूला राहणाऱ्या पालकांना ठाऊक आहे. आणि कोल्हापुरी पायताणाला तेल पाजल्याशिवाय ते पायाला लागत राहते, हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचे काम चालले त्यांना अधिक ठाऊक आहे. या यादीत साबण मात्र नव्हता. आपल्याकडे कपडे धुण्यास रिठा, राख, पापडखार वापरीत आणि डोके धुण्यास शिकेकाई किंवा माती. वडीचा साबण परदेशातून आला. लिव्हर बंधूंचा सनलाइट साबण १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला, आणि त्यानंतर हळूहळू सर्व देशात विलायती साबणाची सवय लागली.

अर्देशिर यांचा जन्म मुंबईच्या एका पारशी कुटुंबात २६ मार्च १८६८ रोजी झाला. बरजोरजी आणि दोसीबाई यांच्या सहा अपत्यांत ते थोरले. वडील घरजमिनींचा व्यवहार करीत. कुटुंबाचे मूळ आडनाव गुथेराजी. ते बदलून १८७१ साली वडिलांनी गोदरेज हे आडनाव धारण केले. अर्देशिर यांचा विवाह बचूबाईंशी झाला. परंतु १८९१ च्या एप्रिलमध्ये मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावरून पडून बचूबाई आणि त्यांच्यासोबत असलेली एक नातेवाईक तरुणी या दोघींचा मृत्यू झाला. त्या काळी सारी मुंबई या घटनेने हादरली, वर्तमानपत्रांनी रकाने भरले, खटला झाला. त्यात आम्ही शिरत नाही. अर्देशिर त्या वेळी तेवीस वर्षांचे होते, त्यांनी पुन्हा विवाह केला नाही आणि त्यांना मूलबाळ नव्हते, एवढे सांगणे पुरे.

कायद्याचे शिक्षण पुरे करून १८९४ साली ते एका अशिलाच्या कामासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांजिबारला गेले. खटला चांगला चालला होता. पण बाजू मांडताना एका ठिकाणी सत्याला थोडी मुरड घातल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असे त्यांच्या लक्षात आले. वकिली करणाऱ्या बहुतेकांपुढे हा प्रसंग कधी ना कधी येतो आणि बहुतेक जण त्यातून वाट काढतात. अर्देशिर यांनी वाट काढली नाही. त्यांनी नकार दिला. अशिलाने आणि सहकाऱ्यांनी समजावले तरी ते बधले नाहीत. ते मुंबईला परतले आणि वकिलीचा झगा त्यांनी कायमचा उतरवून ठेवला. पंचशीलातील चौथे शील आपल्या मुलांना रोज सकाळी वंदनेत म्हणायला मिळते. ज्याच्या कानावर ते शील कधी पडले असेल-नसेल अशा एका तरुणाने पोटाचा धंदा सोडून ते पाळले, म्हणून हा प्रसंग आम्हास येथे विस्ताराने सांगावासा वाटला.

परत आल्यावर त्यांनी एका औषधाच्या दुकानात मदतनिसाची नोकरी धरली. रसायनांशी त्यांची ओळख झाली ती तेथेच. शस्त्रक्रियेची हत्यारे आपल्याकडे का होऊ नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला. वडिलांचे स्नेही मेरवानजी मंचेरजी कामा यांच्याकडून त्यांनी तीन हजार रुपये कर्जाऊ घेतले. वडिलांकडे मागितले असते तर ते मिळाले असते. पण वडिलांनी दिलेला पैसा ही देणगी होते आणि आपल्याला कर्ज हवे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. चाकू, चिमटे, कातऱ्या तयार झाल्या. एका इंग्रज व्यापाऱ्याने त्या पाहून नापसंत केल्या नाहीत. परंतु हिंदुस्थानात बनविलेली, असा शिक्का त्यांवर असला तर गिऱ्हाईक हात लावणार नाही, तेव्हा तो शिक्का नको, असे त्याने सांगितले. अर्देशिर शिक्क्यावर अडून बसले. सौदा मोडला आणि धंदाही बसला. तीन वर्षांत दोनदा असे झाले, आणि दोन्ही वेळा कारण एकच: वस्तूवर किंवा वचनावर खोटे नाव घालायचे नाही.

पुढे मुंबईत चोऱ्या वाढल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचून त्यांना कुलुपे करण्याची कल्पना सुचली. कामांनी पुन्हा पैसे दिले. ७ मे १८९७ रोजी लालबागेत गॅस कंपनीच्या शेजारी एका लहानशा शेडमध्ये काम सुरू झाले. कुलुपे झाली, मग आगीत न जळणाऱ्या तिजोऱ्या झाल्या, धाकटे बंधू पिरोजशा येऊन मिळाले आणि गोदरेज हे नाव देशभर पोहोचले. कारखान्याच्या नावातील दुसरा शब्द 'बॉइस' हा कोणा इंग्रज भागीदाराचा असावा असे अनेकांना वाटते; प्रत्यक्षात तो कामांच्या पारशी आप्ताचा आहे. अर्देशिर कर्ज फेडायला गेले तेव्हा वृद्ध कामांनी पैसे घेण्याऐवजी या तरुणाला धंद्यात घेण्याची विनंती केली, असे सांगतात. बॉइस लवकरच बाहेर पडले, नाव तेवढे राहिले. कुलुपांचा आणि तिजोऱ्यांचा इतिहास मनोरंजक आहे, पण आमचा विषय तो नाही.

साबणाकडे अर्देशिर वळले ते वयाच्या पन्नाशीत. त्यामागे दोन गोष्टी होत्या. पहिली देशाच्या अर्थकारणाची. दादाभाई नौरोजींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. हिंदुस्थानातून शेंगदाणा, जवस, एरंडी, खोबरे जहाजे भरभरून युरोपात जात. फ्रान्समधील मार्सेय शहराच्या तेलगिरण्या तर आपल्या भुईमुगावर चालत. तेथे तेल निघे, त्याचा साबण होई, पेंड त्यांच्या गुरांना मिळे, ग्लिसरीन त्यांच्या कारखान्यांत राही, आणि साबणाची वडी गुळगुळीत कागदात गुंडाळून आपल्याकडे परत येई. शेतकऱ्याच्या पदरात शेंगांचा भाव पडे आणि त्याच्या बायकोच्या पदरातून साबणाची किंमत जाई. पहिल्या महायुद्धात हा व्यवहार उघडा पडला. ग्लिसरीन स्फोटकांसाठी लागू लागले, जहाजे युद्धाच्या कामी गेली, आणि साबण महाग झाला.

दुसरी गोष्ट चरबीची. त्या काळच्या साबणांत गुरांची चरबी सर्रास मिसळलेली असे. कुणी त्याला हरकत घेई ती जीवदयेपोटी, कुणी धर्मापोटी. १८५७ च्या काडतुसांची आठवण अजून पुसली नव्हती. चरबी अजिबात न घालता केवळ वनस्पतींच्या तेलांपासून साबण करायचा, असे अर्देशिर यांनी ठरविले.

चरबी काढून टाकणे ही ऐकायला सोपी गोष्ट आहे. करायला ती का अवघड आहे, हे समजण्यास तेलाच्या पोटात शिरावे लागते. कोणतेही स्थिर तेल म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला जोडलेली तीन मेदाम्ले. तेल कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळले की ग्लिसरीन सुटे होते आणि मेदाम्ले सोड्याशी बांधली जाऊन साबण तयार होतो. त्यात मीठ टाकले की साबण वर तरंगतो आणि ग्लिसरीनचे पाणी खाली राहते. एवढी क्रिया सर्व तेलांत सारखीच आहे. निराळी आहेत ती मेदाम्ले. गुरांच्या चरबीतील मेदाम्ले घट्ट असतात, म्हणून तिचा साबण कडक होतो आणि पुष्कळ दिवस पुरतो. खोबरेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याचा साबण कडक होतो आणि भरपूर फेस देतो, पण पटकन झिजतो आणि कातडी कोरडी करतो. शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलाचा साबण हाताला मऊ लागतो, पण वडी धरत नाही. मोहाच्या बियांचे तेल थंडीत थिजते, त्याने थोडा घट्टपणा येतो. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत नववीची मुले दरवर्षी साबण करतात. शेंगतेल घेतले की साच्यात गोळा थरथरत राहतो, आणि कुणीतरी पुढल्या खेपेस खोबरेल मिसळते तेव्हा वडी जमते. तेव्हा चरबीविना साबण याचा अर्थ निरनिराळी तेले अशा प्रमाणात एकत्र आणणे, की वडी कडक व्हावी, फेस यावा, विहिरीच्या जड पाण्यात तिने दगा देऊ नये, हात सोलवटू नयेत आणि दरही वाढू नये. यासाठी प्रयोग करावे लागतात, ते फसतात, आणि फसलेला माल टाकून द्यावा लागतो. तो तोटा सोसण्याइतके भांडवल तिजोऱ्यांनी मिळवून ठेवले होते.

१९१८ च्या सुमारास हे प्रयोग यशस्वी झाले आणि धुण्याचा साबण 'चावी' या नावाने बाजारात आला. कुलुपांच्या कारखान्याला शोभेल असेच ते नाव होते. वनस्पती-तेलाचा हा जगातील पहिला साबण होय, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते आम्ही मान्य करीत नाही. सीरियातील अलेप्पो शहरात, स्पेनमध्ये आणि खुद्द मार्सेयमध्ये ऑलिव्हच्या तेलाचा साबण कित्येक शतके होत आला आहे. अर्देशिर यांचे श्रेय कमी करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ऑलिव्हचे झाड ज्या देशात नाही, त्या देशात मिळणाऱ्या तेलांवर, गरिबाला परवडेल अशा धुण्याच्या वडीसाठी, कारखान्याच्या प्रमाणावर ही गोष्ट करून दाखविणे, हे त्यांचे काम. आणि ते पुरेसे मोठे आहे. त्याच सुमारास म्हैसूर संस्थानाने चंदनाच्या साबणाचा कारखाना काढला आणि टाटांनी कोचीनकडे खोबऱ्याच्या तेलाची गिरणी उभारली. म्हणजे हवाच बदलत होती, आणि अर्देशिर त्या हवेत एकटे नव्हते.

नंतर अंगाचा साबण आला. त्याला त्यांनी 'नंबर दोन' असे नाव दिले. पहिला नंबर सोडून दुसऱ्यापासून सुरुवात का, असे लोकांनी विचारले तेव्हा, दोन नंबर इतका चांगला आहे असे गिऱ्हाइकाला पटले म्हणजे एक नंबर त्याहून चांगला असणार हे सांगावे लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. १९२२ साली 'नंबर एक' आला. त्याची शिफारस करणाऱ्यांत रवींद्रनाथ टागोरही होते. काही वर्षांनी 'वतनी' नावाचा साबण निघाला. दुसऱ्या कोणी साबणाचा धंदा काढून गांधीजींकडे आशीर्वाद मागितला असता, गोदरेजांना ज्याने बाधा होईल अशा कामास आपण आशीर्वाद देऊ शकत नाही, असे गांधीजींनी कळविल्याची कथा प्रसिद्ध आहे.

स्वदेशीच्या पुढाऱ्यांशी अर्देशिर यांचे पूर्ण पटत मात्र नव्हते. देशप्रेमाखातर वाईट माल विकत घ्या, असे लोकांना सांगणे त्यांना मान्य नव्हते. माल चांगला असला पाहिजे. तो स्वदेशी आहे ही त्याच्या वाईटपणावर पांघरूण घालणारी सबब होऊ शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. आम्हास हे फार मोलाचे वाटते. आपल्या समाजाच्या संस्था चालविताना, आपली आहे म्हणून चालवून घ्या, असे पालकांना सांगण्याचा मोह आम्हालाही होतो.

१९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प सुटला तेव्हा अर्देशिर यांनी तीन लाख रुपये दिले. एका व्यक्तीने त्या फंडास दिलेल्या मोठ्यात मोठ्या देणग्यांपैकी ती एक होती. अस्पृश्य मानलेल्या वर्गांची उन्नती हा या देणगीमागील हेतूंपैकी एक होता, असे त्यांच्या जीवनाविषयी लिहिणारे सांगतात. त्या फंडातून आपल्या लोकांच्या वाट्यास प्रत्यक्षात काय आले, हे बाबासाहेबांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या काँग्रेस आणि गांधी यांच्याविषयीच्या ग्रंथात आकडे देऊन मांडले आहे. जमा झालेल्या रकमेच्या मानाने तो वाटा नगण्य होता. देणाऱ्याची दानत आणि वाटणाऱ्याचा हिशेब या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आम्ही पहिलीबद्दल अर्देशिर यांचे स्मरण ठेवतो आणि दुसरी विसरत नाही.

येथे एका गोष्टीविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण आपल्या वाचकांच्या मनात ती आलीच असेल. चरबीचा साबण नको, ही मागणी जीवदयेपोटी करणाऱ्याला आम्ही वंदन करतो. प्राणिमात्रांवरील करुणा हा आपल्या धम्माचाच भाग आहे. पण त्या काळी चरबीच्या साबणाने विटाळ होतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांत पुष्कळसे असे होते, की ज्यांना माणसाच्या सावलीनेही विटाळ होत असे. मेलेली गुरे ओढायची, सोलायची आणि त्यांचे चामडे कमवायचे काम ज्यांच्या गळ्यात बांधले होते ते आपलेच आजे-पणजे होते. त्यांनी कमावलेले पायताण चालत होते. कमावणारा चालत नव्हता. त्याला स्वच्छ राहा असे सांगण्यात येई आणि पाणवठ्यावर येऊ देण्यात येत नसे. साबण हाती असून उपयोग काय, धुवायला पाणीच नसेल तर? 'नंबर दोन' साबण मुंबईत विकू लागला त्याच सुमारास, १९२० च्या मार्चमध्ये, आपल्या कोल्हापूर संस्थानातील माणगावला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि शाहू महाराज तेथे आवर्जून आले. पुढे सात वर्षांनी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि त्याच महाडला मृत जनावरांचे मांस सोडा, ती ओढणे सोडा, स्वच्छ राहा, असे आपल्या लोकांना सांगितले. स्वच्छतेचा उपदेश आणि पाण्याचा हक्क ही दोन्ही त्यांनी एकाच ठिकाणी, एकाच वेळी मागितली. महाराजांच्या मदतीने १९०८ साली कोल्हापुरात निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाचे महत्त्वही आम्हास असेच वाटते. अस्पृश्य म्हणून हिणवलेल्या मुलांना राहायला छप्पर, जेवायला ताट आणि आंघोळीला पाणी एकाच अंगणात मिळण्याची सोय तेथे झाली.

अर्देशिर यांनी हा सारा विचार केला होता काय, असे कोणी विचारील. त्यांच्या साबणाच्या वडीने जात विचारली नाही, एवढे खरे. दोन पैसे टाकणाऱ्या प्रत्येकाला ती मिळत होती. परंतु वनस्पती-तेलाच्या शुद्धपणाचा गवगवा करून माल खपविणाऱ्यांत सगळेच करुणेने प्रेरित नव्हते, आणि आजही नसतात. आजच्या दुकानांत शंभर टक्के शाकाहारी अशी अक्षरे आम्ही वाचतो तेव्हा त्यांमागे करुणा आहे की विटाळ आहे, हे विचारून पाहण्याची सवय आपल्या मुलांना लागावी, असे आम्हास वाटते.

उतारवयात अर्देशिर यांचे मन कारखान्यात रमेना. १९२८ च्या सुमारास त्यांनी कारभार पिरोजशांच्या हाती सोपविला आणि ते नाशिककडे शेती करायला गेले. शेतीत त्यांना कुलुपांसारखे किंवा साबणासारखे यश मिळाले नाही. यंत्रातले आणि कढईतले प्रमाण माणसाच्या हाती असते, पावसाचे नसते. तरीही ते नवेनवे प्रयोग करीत राहिले. ते साधे राहत, कमी बोलत, आणि नफा किती झाला यापेक्षा वस्तू कशी झाली याची चौकशी अधिक करीत, असे त्यांच्याविषयी लिहिलेले आढळते. ज्यांना त्यांच्या तिजोऱ्यांमुळे चोरांपासून संरक्षण मिळाले, त्यांच्या तुलनेत त्यांच्या स्वतःजवळ राखून ठेवण्यासारखे फार थोडे होते.

१९३६ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे पिरोजशांनी आणि त्यांच्या मुलांनी धंदा वाढविला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विक्रोळीची मोठी जमीन घेतली गेली, लालबागचे कारखाने हळूहळू तेथे हलले, कामगारांसाठी चाळी आणि घरे बांधली गेली, आणि १९५५ साली त्या वसाहतीतील मुलांसाठी उदयाचल या नावाची शाळा सुरू झाली. साबणाच्या कढया आता अवाढव्य पोलादी टाक्या झाल्या आहेत आणि भुईमुगाची किंवा मोहाची जागा बहुतांशी पाम तेलाने घेतली आहे, जे पुन्हा जहाजे भरभरून मलेशिया आणि इंडोनेशियातून आपल्या बंदरांत उतरते.